खेचरं घेऊन हिमालयात जायचंय? परांग लाच्या आधी हम्प्ता करा

प्रश्न थोडक्यात असा: बोरिवली-डोंबिवलीकडचे सात जण, ऑगस्टमध्ये स्पितीतल्या किब्बर गावातून परांग ला ही खिंड ओलांडून लडाखमधल्या त्सो मोरीरी सरोवरापर्यंत जायचं म्हणतायत. ट्रेक कंपनी नको, खेचरं आपणच ठरवायची. सह्याद्री भरपूर झालाय, हिमालय एकदाच आणि तोही कंपनीबरोबर. ग्रुपमधले सगळ्यात मोठे 63 वर्षांचे काका. तर खेचरं किती लागतील, ती आपल्याला हाकता येतील का, काका दमले तर त्यांना बसवता येईल का आणि खर्च किती.

सरळच सांगतो, परांग ला यंदा करू नका.

वाट निवडण्यात तुमचं काही चुकलेलं नाही. ती जनावरांचीच वाट आहे. किब्बरची माणसं पूर्वापार त्या खिंडीतून पलीकडच्या चांगथांग पठाराशी देवाणघेवाण करत आली आहेत. अडचण आहे ती उंचीची आणि अंतराची. किब्बरच मुळात साधारण 4,200 मीटरवर, खिंड 5,580 च्या आसपास. ओलांडल्यावर हिमनदीवरून उतरायचं आणि पारे चू नदीच्या काठाने पुढे दिवसामागून दिवस चालायचं. मध्ये ना गाव, ना गाडीरस्ता, ना मोबाइलला रेंज. तिसऱ्या दिवशी एखादं खेचर लंगडायला लागलं तर बदली जनावर मिळत नाही, त्याचं ओझं उरलेल्यांच्या पाठीवर चढतं. माणूस लंगडायला लागला तर काय, ते तुम्हीच विचार करा. उंची सोसायला शिकणं आणि जनावरांबरोबर राहायला शिकणं, या दोन गोष्टी पहिल्याच खेपेला एकत्र शिकायला ती जागा योग्य नाही.

त्याऐवजी मनालीजवळची हम्प्ता खिंड करा. नाव ऐकून नाक मुरडू नका. तिथे गर्दी असते, पण तुम्हाला जे शिकायचंय ते सगळं त्या चार-पाच दिवसांत मिळतं. मनालीहून गाडीने जोबरा, मग चिका, बालू का घेरा, 4,270 मीटरची खिंड, पलीकडे शिया गोरू आणि शेवटी छत्रूला गाडीरस्ता. बिघडलं काही तर खिंडीच्या दोन्ही बाजूंना एका दिवसाच्या उतरणीवर रस्ता आहे. या वाटेवर दरवर्षी शेकडो खेचरं जातात, त्यामुळे घोडेवाले, गाइड, स्वयंपाकी सगळे अनुभवी मिळतात. हम्प्ता नीट झाला की पुढच्या वर्षी परांग लाचा विचार करा, आणि तेव्हाही मनालीकडून थेट न चढता किन्नौरमार्गे सावकाश स्पितीतल्या काझाला जा.

आता खेचरांकडे वळू. मुंबईतून प्लॅन करणारे बहुतेक जण खेचर हा टेम्पो समजतात. सामान टाकलं, पत्ता दिला, काम झालं. प्रत्यक्षात खेचरं बरोबर घेतली की मुक्काम कुठे करायचा हे तुमच्या हातात राहत नाही. ते गवत आणि पाणी ठरवतं. हम्प्ताच्या वाटेवर हे फार स्वच्छ दिसतं. कुल्लूच्या बाजूला पाऊस पडतो, त्यामुळे चिका आणि बालू का घेऱ्याला हिरवंगार कुरण असतं, जनावरं रात्रभर चरतात. खिंड ओलांडून लाहौलच्या बाजूला उतरलात की पर्जन्यछायेचा प्रदेश: दगड, माती आणि ओढ्याच्या काठाकाठाने जेमतेम हिरवळ. शिया गोरूला जनावरांचं पोट भरत नाही. म्हणून घोडेवाला तिथून पहाटेच निघायची घाई करतो, आणि आपल्याकडचे लोक मात्र ‘अजून एक दिवस राहू या, काय व्ह्यू आहे’ म्हणून बसतात. तो चिडतो ते उगाच नाही. त्याचं जनावर उपाशी असतं.

यावरूनच हिशेब निघतो. तुम्ही विचारलंत किती खेचरं, तर चला, मांडून बघू. सात तुम्ही, एक गाइड, एक स्वयंपाकी, दोन घोडेवाले. अकरा माणसं, पाच दिवस. माणशी दिवसाला साधारण 850 ग्रॅम कोरडा शिधा धरा, म्हणजे 47 किलो. तुमच्या सात बॅगा, प्रत्येकी कडक 10 किलो, म्हणजे 70. स्लीपिंग बॅग आणि मॅट मिळून 18, राहायचे तंबू 20, स्वयंपाकाचा तंबू 15, शेगडी-भांडी 20, इंधन 12. बेरीज 202 किलो. चढावर एका खेचराला 50 किलो हा मी धरतो तो आकडा. त्यात 202 बसवले तर चारच्या वर जरासं, म्हणजे पाच खेचरं, असं वाटतं. पण थांबा. खेचरांच्या दाण्याचं काय? ओझं वाहणाऱ्या जनावराला नुसत्या गवतावर ठेवता येत नाही. संध्याकाळी तोबऱ्यातून जव-चण्याचा भरडा द्यावा लागतो, दर जनावरामागे दोनेक किलो. सहा जनावरं, पाच दिवस, म्हणजे 60 किलो. दाणा वाहायलाच एक खेचर! त्यावर एक जास्तीचं, सुरुवातीला रिकामं चालणारं, कुणाला बसवायची वेळ आली किंवा एखाद्याची पाठ सोलली तर ओझं बदलायला. असे सात होतात. सातव्याचा दाणा धरला तरी सहा जणांवर प्रत्येकी 45 किलोच्या आसपास ओझं येतं, आणि ते योग्य आहे.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की सरकारी नियमात खेचराला 200 किलो चालतात. तसा नियम आहे खरा. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांत कमाल मर्यादा खेचराला 200, तट्टूला 70 आणि गाढवाला 50 किलो अशी दिली आहे. पण तो आकडा डोळ्यांसमोर ठेवून चार हजार मीटरवरच्या दगडगोट्यांत ओझं लादणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. त्याच नियमांतली दुसरी कलमं जास्त उपयोगाची आहेत: दिवसाला एकूण नऊ तासांच्या वर काम नाही, सलग पाच तासांच्या वर विसाव्याशिवाय नाही. तुमच्या दिवसाचा प्लॅन त्यात बसतो का ते बघा.

आणि कृपा करून बॅगा मनापासून 10 किलोच्या करा. ‘खेचरावरच टाकायचंय ना’ म्हणून घडीची खुर्ची, स्पीकर, तीन जीन्स असं सामान वाढत जातं. दादरला कुणाच्या तरी घरी सगळ्यांनी बॅगा आणून काट्यावर टांगा. जो नापास होईल त्याने सगळ्यांसमोर बॅग उघडायची. लाजेने दोन किलो सहज कमी होतात.

बॅग कोणती, तेही सांगतो. रकसॅक खेचरासाठी वाईट. पट्टे लोंबतात, फ्रेम टोचते. मऊ, लांबट डफल बॅग घ्या आणि वरून जाड प्लॅस्टिकच्या गोणीत घाला, कारण दोरी करकचून आवळली जाते आणि खडकाला घासून कापड फाटतं. पालाणाच्या, म्हणजे ओझं लादायच्या खोगिराच्या, दोन्ही बाजूंना वजन सारखं पाहिजे. दोन किलोचा फरक तुम्हाला काहीच वाटणार नाही, पण सहा तासांच्या चालीत पालाण त्या बाजूला सरकतं, तंगाचा पट्टा पोटाला कातरतो आणि संध्याकाळी पाठीवर सोललेला चट्टा दिसतो. म्हणून घोडेवाला प्रत्येक गोणी हातात उचलून, डोळे बारीक करून जोड्या लावत असतो. त्या वेळी त्याच्याशी गप्पा मारू नका, आणि ओझं बांधून झाल्यावर ‘भैया, ये छोटा बॅग भी डाल दो’ हे तर अजिबात नको. कडक वस्तू, म्हणजे शेगडी, कुकर, डबे, बरगड्यांकडे येणार नाहीत अशा बांधायच्या, मध्ये मॅट घालायची. खुळखुळणारी भांडी कपड्यात गुंडाळा, आवाजाने नवखं जनावर बुजतं. अंडी निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात, भुशात. बाकी दोरखंडाची विद्या त्यांची, त्यात आपण नाक खुपसायचं नाही.

पाठीवर तुमची छोटी सॅक राहणारच. तिच्यात पाणी, पावसाचा जाकीट, एक गरम थर, टोपी-हातमोजे, डोक्याचा टॉर्च, औषधं, दुपारचा डबा. हे कधीही खेचरावर देऊ नका. खेचरं तुमच्या दोन तास पुढे जातील नाहीतर दोन तास मागे राहतील, आणि खिंडीत गारा सुरू झाल्या की तुमचा जाकीट मात्र त्यांच्या पाठीवर असेल.

जनावरं ठरवताना नुसती संख्या मोजून पैसे देऊ नका. आदल्या संध्याकाळी जाऊन बघा. पालाणाखालची घोंगडी काढायला सांगा आणि पाठ बघा. पांढऱ्या केसांचे ठिपके म्हणजे जुन्या जखमा, भरलेल्या, त्या चालतात. ओलसर, लाल, माश्या बसलेली जखम असेल तर ते जनावर नको, दुसरं आणा म्हणावं. मोकळ्या जागेत चालवून बघा, डोकं दर पावलाला खालीवर झुलत असेल तर ते लंगडतंय. नाल सैल आहेत का, नाकातून घट्ट स्राव येतोय का, खोकतंय का तेही बघा. हा शेवटचा मुद्दा हलका घेऊ नका. 2025 च्या मे महिन्यात केदारनाथच्या वाटेवर घोड्यांमधल्या इन्फ्लुएन्झामुळे घोडे-खेचरांची वाहतूक काही काळ बंद ठेवावी लागली होती. ग्लँडर्स नावाचा जिवाणूजन्य रोग तर घोड्याखेचरांकडून माणसालाही होऊ शकतो. नाक वाहणाऱ्या जनावराच्या तोंडाशी जायचं नाही आणि ते ताफ्यात घ्यायचं नाही. घोडेवाला सज्जन असेल तर त्यालाच ते नको असतं. एक आजारी झालं की त्याची सगळी पागा धोक्यात येते.

खर्चाचा आकडा मी देत नाही. भाडं हंगामाप्रमाणे आणि गावाप्रमाणे बदलतं, आणि मी लिहिलेला आकडा घेऊन तुम्ही तिथे घासाघीस कराल. पण पद्धत समजून घ्या. भाडं एकेका जनावरामागे, दिवसावर असतं. आणि परतीचे दिवस त्यात धरावे लागतात. तुम्ही छत्रूला गाडीत बसून निघून जाल, खेचरं मात्र रिकामी का होईना, तीच खिंड ओलांडून परत मनालीकडे येणार. ते दिवस तुमच्या खिशातून. परांग लावर तर हा भाग फारच मोठा होतो, कारण त्सो मोरीरीकाठच्या कोरझोक गावाहून किब्बरला परत जायला त्यांना पुन्हा तोच सगळा पल्ला चालावा लागतो. बजेट फसतं ते बहुतेक वेळा इथेच. पावसामुळे एक दिवस तंबूत काढला तर त्या दिवसाचे पैसे पूर्ण की अर्धे, दाणा कोणाचा, घोडेवाल्यांचं जेवण आणि तंबू कोणाचा, जनावर दरीत गेलं तर काय, हे सगळं एका कागदावर हिंदीत लिहून दोघांनी सह्या करा. आगाऊ रक्कम द्या, उरलेली शेवटच्या मुक्कामी. घोडेवाल्यांच्या तंबूची चौकशी मुद्दाम करा. आपण तीन थरांच्या स्लीपिंग बॅगेत आणि ते ताडपत्रीखाली पालाणं रचून, हे दृश्य मला तरी सहन होत नाही. एक चांगला तंबू आणि दोन मॅट त्यांच्यासाठी वेगळ्या न्या. वरच्या हिशेबात तेवढी जागा आहे.

आपल्याला हाकता येतील का? नाही. तीन-चार खेचरांमागे एक माणूस लागतोच आणि तो त्यांचाच माणूस हवा. दोरखंड, नाल, औषध हे सगळं आलं, पण खरी गंमत पहाटे कळते. रात्री जनावरं पुढचे पाय सैल बांधून कुरणात सोडलेली असतात. पहाटे साडेचारला घोडेवाला टॉर्च घेऊन निघतो. आधी नुसता उभा राहून कान देतो, घंटा कुठून वाजते त्याचा अंदाज घेतो. घंटा बांधलेली असते ती घोडी. खेचरं घोडीच्या मागे राहतात, म्हणून ती सापडली की बाकीची तिच्या आसपास मिळतात. कधी ती अर्ध्या तासात मिळते, कधी चांगल्या गवताच्या नादाने दोन टेकड्या पलीकडे गेलेली असते. त्यामुळे ‘सकाळी सातला निघायचं’ हे तुमच्या एक्सेल शीटमधलं वाक्य विसरा. चालणाऱ्यांनी सातला निघावं, गाइडबरोबर. खेचरं मागून येतील आणि बहुतेक दिवस तुम्हाला गाठून पुढे जातील.

ती गाठतील तेव्हा उभं कुठे राहायचं, हे मात्र प्रत्येकाच्या डोक्यात ठोकून बसवा: डोंगराच्या बाजूला. दरीच्या कडेला कधीही नाही. लादलेलं खेचर रुंद असतं, त्याला स्वतःच्या ओझ्याची रुंदी कळत नाही, आणि गोणीचा नुसता धक्का माणसाला खाली पाठवायला पुरतो. पाठ कातळाला टेकवून, सॅक आत, काठ्या जवळ घेऊन शांत उभं राहायचं. मोबाइल काढून समोर नाचायचं नाही. मागून अचानक हात लावायचा नाही. पुढून, डाव्या खांद्याकडून, काहीतरी बोलत जवळ जायचं. दोरी धरायची वेळ आलीच तर हाताला किंवा मनगटाला गुंडाळायची नाही, घडी करून मुठीत धरायची, म्हणजे बिथरलं तर सोडता येते. आणि खेचर वाटेत थांबलं तर त्याला हट्टी म्हणून मारू नका, कुणाला मारूही देऊ नका. बहुतेक वेळा त्याला पुढची जमीन पटलेली नसते. बर्फाच्या पुलावर तर त्याचं मत माझ्या मताच्या वर धरतो मी.

हे सगळं सराव म्हणून बघायचं असेल तर मुंबईकराला लांब जायची गरज नाही. एखाद्या मधल्या वारी नेरळ गाठा आणि माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर सकाळी जाऊन बसा. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्यामुळे आणि आता ई-रिक्षा आल्या तरीही घोड्यांचं काम संपलेलं नाही. किराणा, सिलिंडर, बांधकामाचं सामान घोड्यावरून चढताना दिसतं. ओझं कसं जोडीने बांधतात, तंग किती आवळतात, उतारावर जनावर पाय कसा टाकतं, हे दोन तास नुसतं पाहा. ज्यांना घोड्याची भीती वाटते त्यांनी एखाद्या घोडेवाल्याला विचारून खरारा करून बघावा. शनिवार-रविवारी जाऊ नका, गर्दीत काही दिसत नाही. आपल्या शहराचा घोड्याशी उरलेला संबंध म्हणजे महालक्ष्मीची रेस आणि लग्नाची वरात. व्हिक्टोरिया घोडागाड्याही 2015 च्या हायकोर्टाच्या निकालानंतर गेल्या. त्यामुळे ग्रुपमधल्या अर्ध्या जणांनी जनावराच्या अंगाचा वास जवळून घेतलेला नसणार, आणि तो पहिल्यांदा चिकाच्या तंबूत घेण्यापेक्षा माथेरानला घेतलेला बरा.

काकांबद्दल. 63 वय ही अडचण नाही. हृदयाची तपासणी, रक्तदाब आणि गुडघे ठीक असतील तर ते तुमच्यातल्या काहींपेक्षा चांगले चालतील. पण ‘दमले तर बसवू’ ही कल्पना जरा तपासून घ्या. पालाणावर माणूस बसवत नाहीत, त्यासाठी खोगीर, रिकीब वेगळी लागते, ती आधीच सांगून घ्यावी लागते. घोडा किंवा खेचर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं ओझं आरामात वाहतं, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे साडेतीनशे किलोच्या तगड्या खेचरावर खोगिरासकट 70 किलो. काका 80 चे असतील तर सपाट कुरणावर तासभर ठीक, चढावर नाही. खडी उतरण किंवा मोरेन, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या गोट्यांची रास, असली की बसलेल्या प्रत्येकाने उतरून चालायचं, मग तो कितीही दमलेला असो. उतारावर जनावर घसरलं तर वरचा माणूस आधी जातो.

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. उंचीचा त्रास झालेल्या माणसाला घोड्यावर बसवून पुढच्या कॅम्पला न्यायचं नाही. डोकं ठणकतंय, उलट्या होतायत, तर त्याच उंचीवर थांबा. कमी होत नसेल तर खाली. चालताना तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला ओलसर येत असेल, तर रात्र असली तरी ताबडतोब खाली. तेव्हा ते जास्तीचं खेचर कामाला येतं, पण तोल गेलेला माणूस खोगिरावर एकटा बसू शकत नाही. दोन्ही बाजूंना एकेक माणूस धरायला हवा. घोडा आहे म्हणून माणसं आजार लपवतात आणि एक मुक्काम जास्त चढतात, हे मी वारंवार पाहिलंय. मनालीत (2,050 मीटर) दोन रात्री काढा. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. बालू का घेऱ्याला दोन मुक्काम ठेवा. तिथे गवत आहे, जनावरांनाही तो दिवस सुटीचा. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही हे इथेच डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर त्यांना आवर्जून सांगा.

जेवणाचं फार डोकं खाऊ नका. चार हजार मीटरवर पाणी 87 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून डाळ-राजमा कुकरशिवाय शिजत नाही आणि कुकर असला तरी इंधन खातो. आपल्याकडचे कोरडे पदार्थ इथे फार कामाचे: मेतकूट, भाजणी, पातळ पोह्यांचा चिवडा, शेंगदाणा-गुळाचे लाडू, पिठल्यासाठी भाजलेलं बेसन. फक्त स्वयंपाक्याला पिठलं मुंबईतून फोनवर शिकवायला जाऊ नका, पहिल्या दिवशी तुम्हीच करून दाखवा.

ओढे सकाळी ओलांडायचे. बर्फ वितळून येणारं पाणी पहाटे सगळ्यात कमी आणि दुपारनंतर वाढत जातं. शिया गोरूचा ओढा सकाळी गार पण पार करण्याजोगा असतो, संध्याकाळी तोच मांडीपर्यंत येतो. लादलेल्या खेचराच्या शेपटीला किंवा गोणीला धरून जायचं नाही. घोडेवाला म्हणाला तर त्याने आणलेल्या रिकाम्या जनावरावर बसून, नाहीतर हातात हात धरून, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून.

मुक्कामाला माणसांचं पाणी वरच्या बाजूने घ्या, जनावरांना खालच्या बाजूला पाजू द्या. तंबू कुरणाच्या मधोमध लावू नका, कडेला लावा. रात्री दोरीत पाय अडकून खेचर तंबूवर कोसळल्याचे किस्से हसण्यासारखे नसतात. मिठासाठी ती घामाचे कपडे चाटतात, चावतात, तेव्हा टी-शर्ट वाळत ठेवून झोपू नका. कचरा रिकाम्या पिंपात भरून परतीच्या खेचरावर मनालीला पाठवा, त्याचे थोडे पैसे वेगळे द्या. पुढेमागे उत्तराखंडात असा कॅम्प करायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, तिथल्या हायकोर्टाने 2018 मध्ये बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आहे. म्हणून तिथे जंगलाच्या हद्दीत, परवानगीच्या जागी राहावं लागतं.

राहिली तारीख. ऑगस्ट मला आवडत नाही. जुलै 2023 मध्ये बियासच्या पुराने कुल्लू-मनालीचा रस्ता कसा तोडला होता ते आठवत असेल. दरवर्षी तसं होत नाही, पण पावसाळ्यात त्या रस्त्यावर दरडी येतातच, आणि परतीची गाडी चुकली की सात जणांची रजा कोसळते. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बघा. पाऊस ओसरतो, वाट कोरडी होते, गवत पिवळं पडायला लागलेलं असतं पण अजून पुरतं. थंडी जास्त असेल, दाणा जनावरामागे अर्धा किलो वाढवा. चंदीगडपर्यंत रेल्वे, पुढे रात्रीची बस, आणि परतीच्या आधी दोन मोकळे दिवस. घोडेवाल्याशी बोलणी जूनमध्येच करून टाका, कारण चांगली जनावरं मोठ्या कंपन्या पूर्ण हंगामासाठी अडवून ठेवतात. आणि तारीख पक्की करण्याआधी त्या वर्षी गणपती कधी आहेत ते पंचांगात बघा, नाहीतर तिकिटं काढून झाल्यावर ग्रुपमधले चार जण गळतील आणि सात खेचरं तीन माणसांच्या गळ्यात पडतील.